सारखं

रात्री दहा वाजून सतरा मिनिटांनी फोन आला.
बाई म्हणाली, "समोरच्या घराच्या खिडकीशी माणूस उभा आहे,
हातात बंदुकीसारखं काहीतरी आहे."
मी टाइप केलं : माणूस. खिडकी. बंदूक.

'सारखं' राहिलं.
तीन अक्षरं.

चौकशीत वकील तेवढंच विचारतो, फिरून फिरून :
"मिस लुंडीन, तो शब्द कुठे गेला?"
जणू मी तो पर्समध्ये टाकून घरी नेला.

नेलाच, म्हणा.

डुलुथला नोव्हेंबरात सरोवरावरून वारा येतो,
कुलूप लावलेल्या घरात येऊन बसतो.
एल्मर टॅमिनेन, वय अडुसष्ट, निवृत्त प्लंबर,
शेजारच्या मिसेस नीमीच्या खिडक्यांच्या फटी बुजवत होता.
पहाटे बर्फ सांगितलं होतं, म्हणून रात्रीच.
फटींत लांबी भरायचं ते हत्यार :
मूठ आहे, घोडा आहे, नळी आहे,
दुकानदारही त्याला गनच म्हणतो.
कानाचं यंत्र घरी, चार्जिंगला.

कोरी हॉगडाल, वय सव्वीस, ओरडला, "टाक ते!"
दोनदा ओरडला. टेपवर आहे.
टॅमिनेन वळला तो आवाजाने नव्हे, बॅटरीच्या उजेडाने.
वळताना हात वर आला.
वळणाऱ्या माणसाचा हात वर येतोच,
बसल्या जागी वळून पाहा हवं तर.

नियम असा आहे :
त्या जागी, त्या क्षणी, समंजस अधिकाऱ्याला काय वाटलं असतं?
मागाहून कळलेलं धरायचं नाही.
मी वाचलाय तो. वाईट नाही.
पण त्या क्षणात आधीच जाऊन बसलेली मी,
मला कुठे धरायचं?
कोरीने हातातलं हत्यार पाहिलंच नाही.
त्याने मी टाइप केलेलं पाहिलं.

वकिलाने न विचारलेलं सांगते.
दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, पेट्रोल पंपावरून फोन.
पोराच्या हातात पिस्तुलासारखं काहीतरी.
तेव्हा मी शब्द न् शब्द पोचवला, 'सारखं'सकट.
लाइल पेकाला म्हणाला, "खेळणं असेल, बोलून बघतो."
रेडिओ चालू होता.
"बाळा, थंडी फार आहे, चल, गाडीत बसू"
एवढं ऐकलं,
आणि पुढचंही.
त्याच्या बायकोने नंतर मला केळ्याचा केक पाठवला.
खाल्ला नाही, टाकलाही नाही.
अजून फ्रीझरमध्ये आहे.

म्हणजे दोरीला साप म्हटलं तर दोरी मरते,
सापाला दोरी म्हटलं तर लाइल.
अंधारात हात घालायचा त्यांनी,
आणि सांगायचं मी,
हेडसेट लावून, उबेत, तीन मैलांवरून.

गोळी योग्य होती का?
कोरी हो म्हणतो. त्याच्या डोळ्यांमागे उभं राहिलं तर
मीही कदाचित हो म्हणेन, आणि मग रात्रभर जागी राहीन.
पण फोटोत एक झाड दिसतं, चांगलं जाडजूड मेपल.
गाडीचं उघडं दार दिसतं.
त्यांच्यामागे थांबून बोलला असता तर
दहा सेकंद मिळाले असते.
दहा सेकंदांत म्हातारा माणूस
हातातलं खाली ठेवतो,
चष्मा सारखा करतो,
विचारतो, "काय झालं, पोरा?"

सहापैकी चार खिडक्या झाल्या होत्या.

जानेवारीत मिसेस नीमीचा फोन आला, पहाटे तीनला.
खिडकीशी कोणीतरी शीळ घालतंय, म्हणाली.
"दिसतंय का कोणी?"
"नाही. पण आहे."

मी टाइप केलं : खिडकी. वाऱ्यासारखं काहीतरी.
पुढचा रकाना, कोणाला पाठवायचं,
तो बराच वेळ रिकामा राहिला.